नागम्मा आत्याची इर्जिक

नागम्मा आत्याला कुणी 'बिचारी' म्हटलं की अजून माझं टाळकं सरकतं. परवा नातीच्या लग्नात आमच्याच भावकीतली एक बाई हळहळून म्हणाली, "बिचारी एकटी बाई, कसं केलं असंल हो तिनं?" मी म्हटलं, बाई गं, तू तिला बघितलं असतंस तर तुझी वाचा बसली असती. माझी बसली होती. आणि माझी वाचा बसणं म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तेरच्या अलीकडं कोसभरावर, तेरणेच्या काठाला एक लहानशी वाडी आहे, तिथं तिला दिलेली. दांडगी उंच, काळीसावळी, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, लुगड्याचा काष्टा करकचून मारलेला. आवाज असा, की नदीपलीकडच्या वावरातली गुरं माना वर करून बघायची. आमचं मूळ घर आळंदकडचं, त्यामुळं चिडली की ती कानडीत शिरायची, आणि चिडायची उठल्यापासून निजेपर्यंत. ढगांवर चिडायची, चिमण्यांवर चिडायची, चुलीवर चिडायची. "सुम्म कूड!" म्हणजे गप बस, हे तिनं वाऱ्यालासुद्धा सांगितलेलं मी ऐकलंय.

मूलबाळ नव्हतं. नवरा ऐन उमेदीत गेला. तिसऱ्या दिवशी धाकटा दीर ईरण्णा दारात येऊन म्हणाला, "वैनी, वावर माज्याकडं द्या. तुमाला जल्मभर खायला घालतो." आत्यानं खुंटीवरचा चाबूक काढला. मारायला नव्हे हो! खांद्यावर टाकला, त्याच्या पुढ्यातून गोठ्यात गेली, बैल सोडले आणि वावरात जाऊन स्वतः औत धरलं. त्या दिवसापासून दीर-भावजयीचं बोलणं बंद. वाडीतल्या बाकी पुरुषांनाही ते झोंबलं. बाईनं औत धरायचं म्हणजे काय? पण तिला सांगणार कोण? सांगायला जवळ जावं लागतं, आणि तेवढी छाती कुणाची नव्हती.

आम्ही तिच्याकडं गेलो तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि जगात कुठंतरी मोठी लढाई चालली होती. माझे वडील कल्याणप्पा, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, हैदराबादेत टपालकचेरीत कारकून होते. शालीबंड्याला आमची दोन खोल्यांची जागा. मी चंद्रप्रभा, अकरा वर्षांची. धाकटा मल्लिनाथ सहाचा. आई तापानं गेली, आणि अप्पांना कचेरी सांभाळून दोन लेकरं सांभाळणं जमेना. मग एका वैशाखात आम्हाला घेऊन ते निघाले. कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडली, छोटी धरली, आणि तेरच्या ठेसनावर उतरलो.

बाहेर आत्या बैलगाडी घेऊन उभी. गाडीत बसलेली नव्हे, जूवर पाय देऊन उभी, हातात कासरे. मल्ल्या हैदराबादेत गल्लीतल्या पोरांबरोबर वाढलेला, त्याच्या तोंडात सगळी दखनी. तो माझा परकर ओढून म्हणाला, "अक्का, ये औरत है के मरद?"

अप्पा ओशाळले. आत्या मात्र खदखदा हसली. म्हणाली, "पोरा, म्या बी लई दिस झालं हुडकायलीय. घावलं म्हंजी सांगते."

तिचं वावर मी पहिल्यांदा बघितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि खरं सांगते, मी घाबरले. हैदराबादेत कुठंही बघा, नजर भिंतीला नाहीतर मिनाराला अडायची. इथं अडायला काहीच नव्हतं. काळी जमीन सरळ जाऊन आभाळाला टेकलेली. वैशाखाच्या उन्हानं तिला अशा भेगा पडलेल्या, की माझा हात कोपरापर्यंत आत जाई. मल्ल्याची गोटी एका भेगेत पडली. आम्ही दोघं पालथे पडून कान लावून ऐकत राहिलो. पडल्याचा आवाज आलाच नाही. मल्ल्यानं भोकाड पसरलं तशी आत्या म्हणाली, "जाऊ दे रं. तिला बी कायतरी द्यावं लागतंय." जमीन म्हणजे कुणीतरी आहे, आणि तिला भूक लागते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रात्रभर ती गोटी खाली खाली जात असंल, असं वाटून माझ्या अंगावर काटा येत होता.

त्याच सकाळी दाराआड उभी राहून मी मोठ्यांचं बोलणं ऐकलं. अप्पा म्हणत होते, "अक्का, तुमचंच तुमाला पुरंना, ह्या दोघांना कशाला ओझं? दिवाळीपर्यंत ठेवतो. मग मल्लिनाथला मठाच्या पाठशाळेत घालतो, आणि चंद्रप्रभेला सोलापूरला तिच्या मावशीकडं."

आत्यानं विचारलं. "दिवाळीला वावरात जोंधळा हुबा दिसला तर ठिवशील का दोगांस्नी माज्याकडं?"

"दिसला तर बघू," अप्पा म्हणाले, आणि दुपारच्या गाडीनं गेले.

पाठशाळा एकीकडं, सोलापूर दुसरीकडं. आईनं जाताना मल्ल्याचा हात माझ्या हातात दिला, असलं नाटकातल्यासारखं काही झालं नव्हतं. ती तापात होती, तिला कुणी ओळखू येत नव्हतं. पण ती गेल्यावर त्याला माझ्या कुशीतच झोप यायची आणि मला तो कुशीत असला तरच. एवढंच. मला शेत नको होतं, हैदराबाद नको होतं. फक्त आम्हाला एकमेकांपासून तोडू नका, बाकी कुठंही टाका, असं झालं होतं.

रुळणं काही सोपं नव्हतं. मल्ल्याला भात पाहिजे. भाकरी पुढं आली की तोंड फिरवून "नक्को" म्हणायचा. आत्या दोन दिवस चिडली. तिसऱ्या दिवशी तिनं जात्यावर जोंधळा भरडला, त्याच्या कण्या शिजवल्या, वर ताक ओतलं आणि ताटली त्याच्यापुढं आपटली. "ह्यो घे तुजा निजामाचा भात." बेट्यानं ताटली चाटूनपुसून खाल्ली, आणि भात काळपट का, हे विचारलंसुद्धा नाही. मला शेणात हात घालायचा म्हणजे ओकारी यायची. आत्यानं माझं मनगट धरून हात शेणात दाबला आणि म्हणाली, "आता झाला का घान? झाला न्हवं? मग आता भ्यायचं काय राह्यलं?" त्यात खोट काढता येईना, म्हणून मी गोवऱ्या थापायला लागले.

मल्ल्या बैलांना मात्र फार भ्यायचा. आत्याची बैलजोडी बसव्या आणि पाखऱ्या. पाणी पाजायला न्यायचे तर हा दहा पावलं लांबून "हटो मियाँ, हटो मियाँ" करत चालायचा. बैलं बिचारी खरंच बाजूला व्हायची. आत्या म्हणायची, बरं हाय, माजी बैलं उर्दू शिकली, आता तालुकदाराची गाडी वडायला जातील.

आमच्याकडची जमीन रब्बीची. पावसाळाभर ती तशीच मोकळी ठेवायची, पाळ्या घालून तण काढायचं, पाणी पिऊ द्यायचं, आणि पाऊस सरता सरता, ओल अंगात आहे तंवर जोंधळा पेरायचा. ऊन एकदा कडक झालं की ओल उडून जाते, मग कितीही पेरा, उगवत नाही. पावसाळाभर आत्या त्या रानात पाळ्या घालत होती. भिजत, शिव्या देत, बैलांशी बोलत. मी भाकरी घेऊन जायचे आणि बांधावर उभी राहून बघायचे. एवढं मोठं आभाळ, एवढी मोठी काळी जमीन, आणि मधे ती एकटी. दमून बसलेली मी तिला कधी बघितली नाही. दमायची तर असंलच की हो, माणूसच ती. पण मला मात्र वाटायचं, ही बाई नांगराबरोबरच जमिनीतून उगवून आलीय.

हस्ताचा पाऊस मनासारखा झाला. उघडीप पडली. आत्यानं पेरणीचं औत, तिफण काढून तिचे दाते घट्ट केले, बियाणं उन्हात घातलं. आणि पेरणीच्या आदल्या दिवशी पाखऱ्याला पान लागलं.

पान लागलं म्हणजे साप चावला. आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत. नदीकाठच्या गवतात चरत होता. घरी आला तो तोंडाला फेस घेऊनच, आणि दारातच आडवा झाला. आत्यानं त्याचं मुंडकं मांडीवर घेतलं. पाला वाटून पाजला, मंत्रवाला आणला. उन्हं कलंडायच्या आत पाखऱ्या गेला. आत्या रडली नाही. त्याच्या कपाळाला विभूती लावली आणि बराच वेळ त्याच्या शिंगावरून हात फिरवत राहिली. मला मात्र पाखऱ्याच्या पलीकडं अप्पा दिसायला लागले, दिवाळीचे, मोकळ्या वावराकडं बघणारे.

एका बैलानं तिफण चालत नाही. पेरणीच्या घाईत स्वतःचा बैल दुसऱ्याला देणार कोण? वर चावडीवर ईरण्णा म्हणाल्याचं कानावर आलं, "कुनी मधी पडू नगा. थकली की यील आपसूक वावर वाट्यानं, बटईनं द्यायला."

शेजारची प्रेमाबाई आत्याला समजवायला आली. "आगं नागम्मा, इर्जिक घाल की. लोक येतील, दिसात पेरून मोकळं करतील."

इर्जिक म्हणजे काय, ते मी तिथं ऐकलं. ज्याचं काम अडलं त्यानं गावाला बोलावायचं, सगळ्यांनी आपापली औतं-बैलं घेऊन यायचं, एका दिवसात काम उरकायचं. मजुरी नाही. पोटभर गोडाचं जेवण घालायचं, झालं.

"बाईच्या हाकंला कोन यील?" आत्या म्हणाली. "चावडीवर जाऊन म्या पदर पसरायचा व्हय? ईरण्णाम्होरं? न्हाय जमायचं." आणि ती दुसऱ्या दिवशी पहाटे तेरला गेली, कुणाचा बैल भाड्यानं मिळतो का बघायला.

आता माझं ऐका. मी हैदराबादची पोर. मला बोलावणं म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. आई चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं मलाच करायला पाठवायची. मी विचार केला, आत्याला जायला लाज वाटते, मला कुठं वाटते? आईचा कुंकवाचा करंडा ट्रंकेतून काढला, वाटीत अक्षता घेतल्या, वेणी घातली, ठेवणीतला परकर नेसला, मल्ल्याच्या डोक्याला तेल थापलं, आणि आम्ही दोघं घरोघर निघालो. दारात जायचं, बाईच्या कपाळाला कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि म्हणायचं, "उद्या आमच्या आत्याकडं इर्जिक आहे. तुम्ही नक्की यायचं हं."

पुरुष सगळे रानात गेलेले. घरी बायकाच. इर्जिकीची हाक पुरुषांना घालायची असते, ज्याच्याकडं बैल त्याला, आणि तीही चावडीवर, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "आगं बया, इर्जिकीला कुकू! आन ते बी आमाला!" पण एकीनंही कपाळ मागं घेतलं नाही.

शेवटी ईरण्णाच्या दारात गेलो. मला त्यांच्या भांडणाशी काय करायचं होतं? त्यांची बायको पार्वतम्मा, आत्याची धाकटी जाऊ, ओसरीवर शेंगा निवडत बसलेली. बारीक चणीची, तिचा आवाज वाडीत कुणी ऐकला नव्हता. मी कुंकू लावलं. ती माझ्या हाताकडं बघतच राहिली.

"मला बी बोलवलंय अक्कानं?" तिनं विचारलं.

"सगळ्यांना बोलावलंय," मी ठणकावून सांगितलं. तिनं सुपातला मूठभर भुईमूग मल्ल्याच्या खिशात घातला फक्त.

आत्या दिवस मावळायला परतली, हात हलवत. मी मोठ्या रुबाबात सगळं सांगितलं. मला वाटलं पाठ थोपटंल. ती मटकन खालीच बसली. "आय्ययो! आगं भवाने, बायकास्नी? बायका काय शिंगं लावून यनार हायत तिफणीला?" मग कानडीत जे काही म्हणाली ते मला अजून कुणी मराठीत करून सांगितलेलं नाही. मी रडायला लागले. मल्ल्या तर माझ्या आधीच लागला होता. आत्या उठली, मडक्यातली सगळी हरभऱ्याची डाळ काढली, गुळाची ढेप फोडली. "बोलवलंय न्हवं? मग जेवू घालावं लागंल. ऊठ, चूल पेटीव."

पहाटे आम्ही वावरात गेलो. पुरणाची पातेली डोक्यावर, मागं दाव्याला बसव्या एकटाच. धुकं होतं. नदीच्या अंगाला काहीच दिसत नव्हतं. आधी आवाज आला. बांगड्यांचा. नुसता बांगड्यांचा, चहूकडून. आणि मग धुक्यातनं बायका बाहेर पडायला लागल्या.

काय सांगू तुम्हाला! वाडीतली एकूणएक चूल त्या दिवशी गार होती. डोक्यावर पाट्या, काखेत खुरपी, कुणाच्या खांद्यावर दावी. माळ्याच्या आल्या, धनगराच्या आल्या, पाटलाची सून आली, एकीचं तर अंगावरचं पोर पाठीला बांधलेलं. सगळ्यांच्या कपाळाला आदल्या दिवशीचं माझं कुंकू. अजून डोळे मिटले की मला ते धुकं दिसतं. पुढं मी मोठमोठ्या सभा बघितल्या, पोलीस ॲक्शननंतर निघालेल्या मिरवणुका बघितल्या. तसलं काही पुन्हा बघितलं नाही.

प्रेमाबाई पुढं झाली. "बैल न्हाईत तर न्हाईत. आमी वडतो तिफण. पान्याच्या घागरी वडतोच की." आणि तिनं दावं खरंच छातीवरून घेतलं. तिच्या बाजूला दुसरी, मागं आणखी चौघी.

आत्या, जिच्या तोंडाला कधी टाळा नव्हता, ती नुसती उभी.

तेवढ्यात बांधावर घुंगरं वाजली. बघतो तर पार्वतम्मा! दोन्ही हातात ईरण्णाच्या पांढऱ्या जोडीचे कासरे. आणि मागनं ईरण्णा, अनवाणी, धोतराचा सोगा लोंबतोय, ओरडतोय, "आगं ये, बैल कुटं चालवलीस! आगं, ऐकायली का?" ती वळूनसुद्धा बघत नव्हती. सरळ आत्यापुढं आली आणि कासरे पुढं केले. "अक्का, घ्या. बोलवलं म्हून आले."

ईरण्णाच्या मागं बाकीचे पुरुष. कुणाला न्याहारी मिळाली नव्हती, कुणाला घर उघडं टाकून बायको कुठं गेली ते कळत नव्हतं. रानात निघालेल्या जोड्या तशाच तिफणींसकट हाकत ते बायका हुडकत आले होते. बांधावर रांगच लागली. बैल, माणसं, सगळे बघत उभे.

पांढरी जोडी तिफणीला जुंपली. आत्या बियाणाची ओटी बांधायला लागली तसा ईरण्णा पुढं आला. त्याचा राग उतरला नव्हता, पण आता तो जपून बोलत होता. "वैनी, बैल आलीच हायत तर पेरा. पर पयली मूठ घरच्या मान्सानं धरायची अस्ती. रीत म्हंजी रीत. तुमी तर पांढऱ्या कपाळाच्या. घरात दुसरं कोन हाय? मूठ म्या धरनार."

तिफणीवर एक लाकडी वाडगं असतं, त्याला चाडं म्हणतात. त्यातून बी नळ्यांनी जमिनीत उतरतं. त्या चाड्यावर पहिली मूठ ज्याची, त्या साली वावर त्याच्या नावानं बोलतं. कागदावर नव्हे, लोकांच्या तोंडी. आणि तिथं तेवढंच चालायचं. ईरण्णानं आज मूठ धरली की आत्याचं त्या वावरातलं पाऊल उचललंच म्हणून समजा. सगळ्यांना ते कळत होतं. रीत तशीच होती, म्हणून कुणाला बोलताही येईना.

आत्यानं ईरण्णाकडं बघितलं नाही. ती ओरडली, "चंद्रे! मल्ल्या! हिकडं या."

आम्ही गेलो. "घरचं मानूस पायजे न्हवं?" ती लोकांना म्हणाली. "ही घरची."

"ही तुमच्या भावाची," ईरण्णा म्हणाला. "पाव्हनी. दिवाळीला चालली."

आत्या खाली बसली. गुडघे मातीत टेकवून मल्ल्याच्या तोंडाला तोंड आणून तिनं विचारलं, "मल्ल्या, खरं सांग रं बाळा. तू पाव्हना हायेस का?"

तिचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. तिची बाजी सगळी त्या शेंबड्या पोरावर होती, आणि तो म्हणजे बैल दिसला की माझ्या मागं लपणारा. मल्ल्यानं तिच्याकडं बघितलं, मग बैलांकडं. ईरण्णाची ती जोडी कसली दांडगी! नुसतं फुस्स केलं तरी पोरगं उडून पडावं. मल्ल्यानं आत्याच्या ओटीत हात घातला, मुठीत मावेल तेवढा जोंधळा घेतला, आणि "हटो मियाँ, हटो मियाँ" म्हणत त्या दोन बैलांच्या मधनं, पार त्यांच्या पोटाला घासून तिफणीपाशी गेला. टाचा उंचावल्या तरी हात चाड्याला पुरेना. मी मागनं जाऊन त्याला उचललं. त्याच्या मुठीखाली माझी मूठ धरली. बी सळसळत नळ्यांतून खाली गेलं.

"हर हर महादेव!" कुणी म्हटलं मला ठाऊक नाही. एकानं म्हटलं आणि मग सगळं रान म्हणालं. बैल चालले. बांधावरची औतं आपणहून खाली उतरली. दुपारच्या आत त्या काळ्या वावरात एवढ्या तिफणी चालत होत्या, की बैलांच्या घुंगरांनी कान बसले. पेरणी उरकल्यावर जेवणं. पुरुष पंगतीला बसायला लागले तशी प्रेमाबाई म्हणाली, "ए, उठा. कुकू कुनाला लावलंय? आमाला. पयली पंगत आमची." आणि नवऱ्यांनी बायकांना पुरणपोळी वाढली. ईरण्णानं पार्वतम्माच्या पानात तूप वाढलं, इकडंतिकडं बघत. आत्याशी मात्र एक शब्द नाही.

दिवाळीला जोंधळा माझ्या गुडघ्याला लागत होता. हिरवागार, बघावं तिकडं. अप्पा आले, बांधावर उभे राहिले, त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, सुटलो. पण घरी आल्यावर ते म्हणाले, "अक्का, तुमी जिंकलात. पण मी पाठशाळेच्या स्वामींना शब्द देऊन बसलोय. सोलापूरलाही ठरलंय. उद्या सकाळी निघतो."

मी आत्याकडं बघितलं. आता ही चाबूक काढणार, कानडीत शिरणार. तिनं अप्पांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. मी तिला कोपऱ्यात गाठून गदागदा हलवलं, "आत्या, तुम्ही बोला ना! बोला ना काहीतरी!" ती एवढंच म्हणाली, "लेकरं त्येची हायत, बाय. म्या कोन?"

सकाळी तिनं आमचे कपडे एका धडप्यात बांधले. भाकरी ठेवल्या, शेंगांची चटणी ठेवली, जोंधळ्याच्या कण्या ठेवल्या. गाठीवर गाठ मारली. मल्ल्या माझ्या परकराला चिकटलेला. शेजारच्या गड्यानं बसव्याच्या जोडीला आपला बैल देऊन गाडी जुंपली, आणि ईरण्णा दारात आला. वावर मागायला आला होता, त्यानंतर या दाराला त्याचा पाय लागला नव्हता. मागं पार्वतम्मा.

"पाव्हनं," तो अप्पांना म्हणाला, "लेकरं न्यायची न्हाईत."

"म्हणजे?"

"ज्येनं मूठ धरली त्येनं जोंधळ्याची रास घरात येईपतूर शीव वलांडायची नस्ती. वलांडली तर वावर उपाशी ऱ्हातं. रीत हाय."

"अहो, लहान लेकरं ती..."

"मूठ धरली तवा काय मोठी हुती? तुमच्या सामींना सांगा, तेंनास्नी बी रीत कळती."

अप्पा गोंधळले. आत्याकडं वळले. "अक्का, खरंच अशी रीत आहे?"

अशी रीत मी पुढं जन्मात कुठं ऐकली नाही. तेरला नाही, येरमाळ्याला नाही, कळंब-भूमला कुठंच नाही. आयुष्यभर रीत रीत करत बसलेल्या त्या माणसानं ती तिथंच, दारात उभ्या उभ्या केली होती. आत्यानं मान वर केली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दिराच्या तोंडाकडं नीट बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. पार्वतम्माच्या तोंडात पदराचा बोळा होता.

"व्हय," आत्या म्हणाली. "तशी रीत हाय."

अप्पा हसले की रडले ते मला कळलं नाही. "मग रास झाल्यावर नेतो," म्हणाले आणि एकटेच गाडीत बसले. गाडी वळणापलीकडं गेली.

आत्या गाठोडं सोडायला बसली. तिनं गाठ अशी करकचून मारली होती की ती तिचीच तिला सुटेना. औताचा रुमणा दिवसभर दाबून धरणारे तिचे ते हात थरथरत होते. "सुम्म कूड," ती हातांना म्हणाली, पण ते ऐकेनात. मग मल्ल्या तिच्या मांडीवर चढून बसला आणि त्यानं ती गाठ दातांनी सोडवली.